एलियाझरच्या नावाची चिठ्ठी

झेडॉक ट्रायन शनिवारी दुपारी वॉडमांच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा सफरचंदांच्या चार टोपल्या सोलायच्या उरल्या होत्या आणि सूर्य मावळायला चार तास होते. शनिवारचा सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे देवाचा विश्रांतीचा दिवस, लागतो. मग सुरी नाही, सुई नाही, लेखणी नाही. भांडणसुद्धा नाही, निदान शेजारी ऐकू जाईल असं. त्यामुळे आमच्या ॲश हॉलोत आठवड्याची निम्मी भांडणं शनिवारी दुपारी उरकतात, आणि वॉडमांच्या घरातली बहुतेक सगळीच.

डॉर्कस वॉडमनं झेडॉकच्या हातात आधी सुरी दिली, मग त्याला बस म्हटलं. ऑक्टोबरात त्या घरात शिरणाऱ्या कोणालाही हाच पाहुणचार. तो लोहाराचा पोरगा. नऊ महिने क्वेबेकच्या तुरुंगात काढून बुधवारी पायी गावात आला होता. देवीच्या व्रणांनी तोंड असं झालं होतं, की सख्ख्या बापानं त्याला आवाजावरून ओळखलं. गेल्या वर्षाच्या शेवटच्या पहाटे आपल्या लोकांनी इंग्रजांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर जो हल्ला केला आणि जो चार तासांत मोडून पडला, त्यातून परत आलेला आमच्या गावचा तो पहिला माणूस. डॉर्कसचा धाकटा, एलियाझर, त्याच हल्ल्यात होता. तिनं बुधवार, गुरुवार, शुक्रवार वाट पाहिली होती, झेडॉक आपण होऊन येतो का ते. शनिवारी सकाळी तिनं निरोप धाडला.

"सांग," ती म्हणाली. "सगळं नको. त्याच्यापुरतं सांग."

झेडॉकनं एक सफरचंद सोललं. साल जाड निघत होती. ती त्यानं टोपलीत टाकली नाही, तोंडात टाकली. थोरली सून लोव्हायसा समोर बसून बिया काढत होती, तिनं हे पाहिलं आणि सालींचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"बर्फ पडत होतं, काकू. आडवं. पुढच्याची पाठ दिसत नव्हती. आपल्यानंच आपल्याला मारू नये म्हणून सगळ्यांनी टोप्यांना कागद टाचले होते, पण पांढऱ्या बर्फात पांढरा कागद कुणाला दिसणार? बंदुकांचे चाप रुमालांनी बांधले होते, तरी ओले झालेच. रस्त्यात रचलेला पहिला अडसर आम्ही घेतला. दुसऱ्यापाशी अडकलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून, खिडक्यांतून मारत होते."

"त्याच्यापुरतं."

"एलियाझर माझ्या डाव्या हाताला होता. त्याची बंदूक पेटेना. म्हणाला, तू हो पुढं, मी दारू बदलून येतो. एका दाराच्या आडोशाला टेकला. मी पुढं झालो." त्यानं आणखी एक साल चावली. "मग सगळं संपलंच. शस्त्रं खाली ठेवली. आम्हाला कोंडलं तेव्हा मी माणसं शोधली. तो नव्हता."

"आणि पडलेल्यांत?" लोव्हायसानं विचारलं.

"बर्फातून उकरलेले काही त्यांनी आम्हाला ओळखायला दाखवले. त्यांत नव्हता. पण एप्रिलात बर्फ उतरलं तरी मागाहून निघतच होते म्हणे. ते आम्हाला कोण दाखवणार?"

धाकटी सून केझाया ही एलियाझरची बायको. ती फोडी दोऱ्यात ओवत होती आणि माळ तिच्या पायाशी दोन हात लांब झाली होती. "नदी गोठली होती ना? काही जण तिच्यावरून निसटले, असं ऐकलंय."

"निसटले, वहिनी. काही निसटले. काही बर्फ फुटून खाली गेले. मी पाहिलं नाही, ऐकलं."

"म्हणजे जिवंतांत नाही, मेलेल्यांत नाही," लोव्हायसा म्हणाली. "आमचे भावोजी घरातही असेच होते. जेवायला हाक मारावी तर परसात नाही, गोठ्यात नाही."

कोणी हसलं नाही, पण कोणाला रागही आला नाही. झेडॉकनं सोळा सफरचंदं सोलली, त्यांच्या सगळ्या साली खाल्ल्या आणि निघाला. जाताना दारात असाहेल उभा होता. डॉर्कसचा थोरला. बाहेर सायडरसाठी सफरचंदांचा रस काढायच्या घाण्यावर काम करता करता तो कधी उंबऱ्याशी येऊन थांबला, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि असाहेल वाट द्यायला बाजूला झाला. असाहेलही त्याच मोहिमेवर गेला होता. पण अरण्यातल्या नदीवर, अर्ध्या वाटेवर, अन्न संपत आलं तेव्हा मागच्या तुकड्या फिरल्या, त्यांत तो फिरला. एलियाझर पुढच्यांत सामील झाला. एका घरातले दोन भाऊ, एक नदी, आणि दोन दिशा. गावानं असाहेलला तोंडावर कधी काही म्हटलं नाही. आमचं गाव तसं सभ्य आहे; ते पाठीमागे म्हणतं.

डॉर्कसनं हात पुसले.

"असाहेल, दौत काढ. उद्याची चिठ्ठी लिहायची आहे."

चिठ्ठी दर शनिवारीच लिहिली जायची. घरात आजारपण असो, बाळंतपण असो, कोणी समुद्रावर वा लढाईवर गेलेलं असो, घरच्यांनी चार ओळी लिहून पाद्रीबुवांकडे द्यायच्या. ते त्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर वाचतात, आणि ज्यांची चिठ्ठी, त्यांनी प्रार्थना संपेतो आपल्या बाकापाशी उभं राहायचं. तेरा महिने वॉडमांची चिठ्ठी एकच होती: मुलगा आणि पती एलियाझर देशाच्या कामी परमुलखात आहे, त्याच्या रक्षणासाठी प्रार्थना मागतो. असाहेलला आता ती न बघता लिहिता येई.

"तीच?" त्यानं विचारलं.

"दुसरी," डॉर्कस म्हणाली. "मरणाची."

केझायाची सुई थांबली. दुसऱ्या चिठ्ठीचा नमुनाही सगळ्यांना पाठ होता: अमक्याचा मृत्यू आमच्या आत्म्यांच्या भल्याला कारण व्हावा. ती एकदा वाचली गेली की माणूस मेला. मग प्रेत असो वा नसो. शोकाचे काळे हातमोजे येतात, शेजारणी जेवणाची ताटं घेऊन येतात, आणि विधवेच्या बापाची गाडी येते. केझायाच्या बापाची तर तयारच होती. मिडलटाउनहून त्याचे दोन निरोप आले होते. दुसऱ्यात एका बिजवर कातडेवाल्याचं नाव होतं, त्याच्या घराला किती खिडक्या आहेत त्यासकट.

"झेडॉकनं तसं म्हटलं नाही," केझाया म्हणाली.

"झेडॉकनं जेवढं म्हणायचं तेवढं म्हटलं. दहा महिने झाले, पोरी. पायाला बेड्या घातलेला माणूस परत आला. मोकळा होता तो कुठं राहिला?"

"आजारी असेल. कोणा कॅनडावाल्याच्या घरी पडला असेल. त्यांची भाषा येत नाही त्याला."

"भाषा आपलीसुद्धा कुठं फार वापरायचा," लोव्हायसा म्हणाली, आणि मग जरा मऊ आवाजात, "आई म्हणतात ते खरं आहे, केझाया."

केझायानं जावेकडे पाहिलं. ही फितुरी तिला अपेक्षित नव्हती. गेलं वर्षभर दोघी एका बाजूला होत्या: लोणी, धुणं, सासूचं बोलणं, सगळ्या बाबतींत.

लोव्हायसाचं गणित वेगळं होतं, आणि ते तिनं कोणापुढे मांडलं नव्हतं. तिचा नवरा परत आला होता, म्हणून गावातल्या बायका तिला भाग्यवान म्हणायच्या. ती मान हलवायची. पण असाहेल रोज सूर्य कलला की उत्तरेच्या रस्त्याला वळणापर्यंत चालत जाई आणि तिथं उभा राही. पावसात, बर्फात, गवत कापणीच्या दिवसांत, अंगात ताप असताना. परत येऊन जेवायला बसे तेव्हा समोर तिला नाही, तिच्या मागच्या दाराला बघे. दिराच्या नावाची मरणाची चिठ्ठी वाचली गेली तर तिला पूर्ण नवरा मिळणार होता. दीर तिला आवडायचा. तिनं त्याला हसत हसत मोजे विणून दिले होते. तरीही.

"अहो, लिहा," ती म्हणाली.

असाहेलनं दौत काढली नाही. "घाण्यात रस उतरतोय," म्हणाला, आणि बाहेर गेला.

डॉर्कसनं खुर्ची केझायाच्या समोर ओढली. ती पंचावन्न वर्षांची होती आणि कोणाशी गोड बोलायचं असलं की आधी त्याच्या हातातलं काम काढून घ्यायची. तिनं माळ काढून घेतली आणि स्वतः ओवायला लागली.

"माझा भाऊ इथिएल," ती म्हणाली.

"ठाऊक आहे, आई. टिकोंडेरोगाची लढाई."

"तुला नाव ठाऊक आहे. ऐक. अठरा वर्षं झाली. फ्रेंचांनी किल्ल्यासमोर झाडं तोडून त्यांची टोकं बाहेर काढून ठेवली होती, आणि आपल्या साहेबांनी माणसं सरळ त्यांवर घातली. इथिएल परत आला नाही, प्रेतही दिसलं नाही कोणाला. माझ्या आईनं चिठ्ठी दिली, परमुलखात आहे म्हणून. अकरा वर्षं दिली. आणि अकरा वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले. पहिल्या वर्षी बायका रडायच्या. तिसऱ्या वर्षी खोकायच्या. सातव्या वर्षी पाद्रीबुवा नाव न घेता 'नेहमीप्रमाणे' म्हणायला लागले. पोरं खेळात म्हणायची, इथिएल आला, इथिएल आला, लपा."

"मग तुमच्या आईंना कोणी थांबवलं नाही?"

"मी सांगायचे. ऐकलं नाही."

"त्यांची चूक होती म्हणता?"

डॉर्कसनं एक फोड ओवली. "चूक नाही म्हणत. माझी तीन मुलं त्या वर्षांत गेली, घटसर्पानं. आई प्रेतापाशी यायची, रडायची, आणि रडता रडता रस्त्याकडं बघायची. तिच्याकडं वाट बघण्याइतकाच जीव उरला होता, दुसऱ्या कशाला पुरत नव्हता. तू बावीस वर्षांची आहेस. घरात तुझ्या मागं पोर नाही. त्या कातडेवाल्याचा वास येत असेल, पण तो संध्याकाळी घरी येतो."

"मला हाकलताय?"

"हो," डॉर्कस म्हणाली. "आवडत नसतीस तर ठेवून घेतली असती. लोणी चांगलं काढतेस."

केझायाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, आणि दोन्ही एकदम सासूला दिसू नये म्हणून ती उठली. सालींचं आणि बियांचं भांडं उचलून म्हणाली, "घाण्यावर देऊन येते."

तिला त्या घरातून जायचं नव्हतं, एवढंच खरं होतं. एलियाझर येईल अशी खात्री तिला तरी कुठं होती? लग्नानंतर तो सात महिने तिच्यासोबत होता. त्यातले दोन महिने कवायतीत गेले. त्याचा चेहरा आता तिला पूर्ण आठवत नसे. एकदा कपाळ आठवे, एकदा हात, पण सगळं एकत्र बसत नसे. मात्र तो दार कसं उघडायचा हे आठवायचं: आधी खांदा, मग माणूस. ते दार इथं होतं. मिडलटाउनला नव्हतं.

असाहेल घाण्यापाशी पिंपावर बसला होता. घोडं सोडून दिलेलं होतं. रस कधीच उतरून झाला होता.

"भावोजी, दौत आत आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही आईंच्या बाजूचे असाल असं वाटलं होतं मला."

"मी कोणाच्या बाजूचा नाही," तो म्हणाला. मग रसाच्या बादलीवर बसलेल्या माश्या त्यानं हातानं हाकलल्या. "केझाया, आम्ही फिरलो त्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, दादा, तू म्हणत असशील तर मीही फिरतो. तू म्हण."

तिनं भांडं खाली ठेवलं.

"तीन दिवस आधी आमची होडी उलटली होती. त्याच्या हातून. किटली गेली, शेवटचं मीठ गेलं. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो धड. मी म्हणालो, तुझं तू बघ." त्यानं तळहात पँटीला पुसले, ते कोरडे होते तरी. "एवढंच. तुझं तू बघ. किटलीपायी."

त्या वळणावर हा माणूस रोज कशाला जातो ते केझायाला आता कळलं. तिला वाटलं होतं, राग येईल. आलाही, पण तो तिच्याजवळ फार थांबला नाही.

"त्याची परवानगी मागायची रीत तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "मलाही विचारलं होतं, जाऊ का म्हणून. असंच, शेजारी बसून, अगदी गरीब तोंड करून. मी नको म्हटलं. आणि खाली बघितलं, तर बूट आधीच चढवलेले."

असाहेलच्या तोंडून एक आवाज निघाला, त्याला हसू म्हणता आलं नसतं.

"तेव्हाही पाठीवर ओझं चढवून आला असेल," केझाया म्हणाली.

"होतं. पाठीवर होतं."

"मग झालं."

सूर्य हेझन टेकडीच्या माथ्यापासून दोन बोटं वर होता. केझायाला छापलेलं वाचता यायचं, लिहिता येत नसे. तिच्या बापानं मुलींना वाचनापुरतंच शिकवलं होतं.

"आईंची चिठ्ठी लिहा तुम्ही," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा आहे, त्यांचा हक्क आहे. मग माझी वेगळी लिहा. आणि तुम्ही मला जे सांगितलं ते मी कोणाला सांगणार नाही."

"त्याच्या बदल्यात नको. तशीच लिहितो."

त्यानं आत जाऊन दौत काढली, आईची चिठ्ठी लिहिली आणि दौत बाहेर आणली. त्या ओळी आईनं दोनदा वाचल्या, घडी घातली आणि बायबलात ठेवल्या. दुसरा कागद त्यानं पिंपाच्या झाकणावर पसरला. "परमुलखात आहे, असं?"

"नको. कुठं आहे ते आपल्याला ठाऊक नाही. देवासमोर खोटं कशाला?"

"मग काय लिहू?"

तिनं विचार केला. टेकडीवर आता एक बोट राहिलं होतं. "लिहा, केझाया वॉडम आपल्या नवऱ्याची वाट पाहत आहे. मंडळीनं तिच्यासोबत प्रार्थना करावी."

"असा नमुना नाही."

"आता होईल."

शेवटचं अक्षर सूर्य बुडायच्या आधी पडलं की नंतर, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. टेकडीच्या पश्चिमेला राहणारे आधी म्हणतात.

पाद्रीबुवा म्हातारे होते आणि एका बाबतीत हट्टी: हातात आलेली चिठ्ठी वाचायची. ती शोभते की नाही, हे देवानं पाहावं. रविवारी सकाळी त्यांनी आधी एका बाळंतिणीची वाचली, मग गिरणीवाल्याच्या पायाची, मग डॉर्कसची.

डॉर्कस उभी राहिली. असाहेल आणि लोव्हायसा राहिले. केझाया बसून राहिली. प्रार्थनाघरात कपड्यांची सळसळ झाली. मागच्या बाकांवरून माना लांब झाल्या. सून बसलेली, सासू उभी: असं दृश्य पाहायला आमच्या मंडळीतल्या काही जणी घाट ओलांडून आल्या असत्या. डॉर्कस सरळ पुढे पाहत राहिली. एलियाझरचं नाव घेऊन पाद्रीबुवांनी त्याच्या आत्म्यासाठी नाही, मागं राहिलेल्यांसाठी मागणं केलं. आपल्याकडे मेलेल्यांसाठी मागत नाहीत. त्यांचं ठरलेलं असतं. तिघं खाली बसले.

पाद्रीबुवांनी पुढचा कागद उघडला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. चष्म्यावरून वॉडमांच्या बाकाकडे पाहिलं. आणि वाचला.

केझाया उठली. असाहेल कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच समजलं नाही. लोव्हायसानं त्याच्या कोटाचं टोक ओढलं, एकदा, दोनदा. मग सोडलं, आणि जड बाई उठते तसा बाकाचा आधार घेत तीही उठली. पूर्ण नवरा मिळत नसेल तर आहे त्याच्या शेजारी उभं राहावं, एवढं तिला कळत होतं.

डॉर्कस बसलेलीच होती. प्रार्थना लांबली, पाद्रीबुवांना या चिठ्ठीसाठी शब्द पाठ नव्हते, ते शोधत होते. एकदा त्यांनी 'वाट पाहणारी' म्हटलं, एकदा 'वाट पाहणारे'.

दुपारी, दोन प्रवचनांच्या मधल्या सुटीत, वॉडम मंडळी प्रार्थनाघरामागच्या खोपटात शेकोटीशी बसून गार बीन्स आणि पाव खात होती. असाहेल आणि लोव्हायसा घोड्यांना पाणी दाखवायला गेले. सासू-सून उरल्या.

"चिठ्ठी देण्याआधी मला विचारलंही नाहीस," डॉर्कस म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे तूही बूट घालूनच आलीस."

केझायानं चमकून पाहिलं. डॉर्कस पाव मोडत होती. घाण्यापासून स्वयंपाकघराची खिडकी किती लांब आहे, ते केझायानं मनातल्या मनात मोजलं. फार लांब नव्हती.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"मला कमी ऐकू येतं," डॉर्कस म्हणाली. "असाहेलला तसंच सांग, कधी विषय निघाला तर." तिनं पावाचा मोठा तुकडा सुनेच्या ताटात टाकला. "तुझा बाप गुरुवारी येईल. बातमी बुधवारी पोचेल. त्याला काय सांगू?"

"सून अजून आमची आहे, एवढं सांगा."

"आणि तो विचारेल, कुठवर?"

केझायानं पावाचा तुकडा मोडला.

"अकरा वर्षं नाही," डॉर्कस म्हणाली. "हे मी चालू देणार नाही. मी मेले तरी उठून येईन."

"अकरा नाही."

"पाच?"

"आई, हे काय बाजारात घासाघीस केल्यासारखं?"

"मग कशी करतात? तुझ्याकडं आकडा नाही, माझ्याकडं आहे. मी तो उभी राहून मोजलाय. बोल."

शेकोटीत लाकूड सरकलं. बाहेर दुपारच्या प्रवचनाची घंटा झाली. केझायानं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तिच्या डोळ्यांसमोर एक नदी होती, पाहिलेली नव्हती तरी, आणि तिच्यावर पांढरा थर.

"बर्फ उतरेपर्यंत," ती म्हणाली.

डॉर्कसनं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात ही बाई कधी अर्धवट ठरलेल्या सौद्यावरून उठली नव्हती. सफरचंदाच्या टोपलीचंही माप दोनदा करून घ्यायची. तिनं ताटं एकात एक घातली, झगा झटकला आणि उठता उठता सुनेपुढे हात धरला.

"चालेल," ती म्हणाली. कुठल्या वर्षीचं बर्फ, ते तिनं विचारलं नाही.